जुना कॉम्प्युटर फेकू नका: घरी आणि शाळेत मुक्त सॉफ्टवेअर कसं सुरू करावं

गावच्या शाळेतला संगणक कक्ष बहुतेक ठिकाणी सारखाच दिसतो. चार-पाच डेस्कटॉप, त्यातले दोन सुरू, आणि त्या दोघांवर तालुक्याच्या दुकानातून टाकून आणलेलं क्रॅकचं विंडोज. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची मशीनमधली सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ही मशीनं त्यात बसत नाहीत. तशी ती धडधाकट असतात. भंगारात काढण्याआधी त्यांच्यावर मुक्त सॉफ्टवेअर चालवून बघायला काही हरकत नाही.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे नुसतं फुकट नव्हे. ते कुठंही वापरता येतं, त्याचा कोड तपासता आणि बदलता येतो, आणि त्याच्या प्रती वाटता येतात. शाळेच्या कामाची गोष्ट शेवटची: एकाच पेनड्राइव्हवरून वीस मशीनवर टाका, वर पोरांच्या घरीही द्या, त्यात बेकायदा काही नाही. केरळनं सरकारी शाळांमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं आहे. तिथं लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त सिस्टीमची, खास शाळांसाठी बनवलेली आवृत्ती वापरतात.

माझं मत मात्र असं की लिनक्सपासून सुरुवात करू नये. एका सुटीत सगळं पालटून टाकलं की सोमवारी स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "सर, हे काहून उघडून नाही राहिलं?" आणि मग जुनं विंडोज परत येतं.

पहिली पायरी: सिस्टीम तीच, प्रोग्राम बदला

आहे त्याच विंडोजवर लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं), फायरफॉक्स (इंटरनेटचा ब्राउझर) आणि व्हीएलसी (व्हिडिओ बघायला) टाका. महिनाभर पत्रं, निकालपत्रकं, पोषण आहाराचा तांदूळ-डाळीचा हिशेब, सगळं लिबरऑफिसमध्येच करा. घरी कापसाच्या वेचणीची मजुरी कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये, मांडून बघा: एका रकान्यात नाव, दुसऱ्यात किलो, तिसऱ्यात दर, चौथ्यात गुणाकाराचं सूत्र. आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी हिशेब तयार असला की घरचेही कॉम्प्युटरला नावं ठेवत नाहीत.

दोन सेटिंग पहिल्याच दिवशी बदला. टूल्समधून ऑप्शन्समध्ये जा. लोड-सेव्हच्या जनरल पानावर ऑटोरिकव्हरीची (काम आपोआप जपून ठेवण्याची) वेळ दहा मिनिटं असते, ती दोनवर आणा. आपल्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही, आणि शाळेच्या यूपीएसची बॅटरी बहुधा नावापुरतीच असते. दुसरं, भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी (देवनागरीसारख्या लिप्यांसाठी) मराठी निवडा आणि त्याचा फॉन्ट वेगळा ठरवून द्या, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता. लिबरऑफिसमध्ये इंग्रजीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळे धरले जातात. हे माहीत नसलं की अक्षरं लहान-मोठी दिसतात आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो.

बाहेर पाठवायची फाइल नेहमी पीडीएफ करून पाठवा. समोरच्यानं त्यात बदल करायचा असेल तरच डॉकएक्समध्ये (वर्डच्या फाइलमध्ये) द्या, आणि तक्ते गुंतागुंतीचे असतील तर एकदा वर्डमध्ये उघडून तपासा.

दुसरी पायरी: कृतीदेवमधून बाहेर या

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी, पण टाळू नका. कृतीदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर म्हणजे आतून इंग्रजी अक्षरंच, वरून मराठीचा मुखवटा. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तो कचरा दिसतो, मोबाइलवर तर वाचताच येत नाही. यापुढचं सगळं टायपिंग युनिकोडमध्ये करा, म्हणजे कोणत्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल. जुन्यातलं जे खरंच लागतं तेवढंच कन्व्हर्टरनं बदला आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी. नव्यानं शिकणाऱ्या मुलांना सरळ इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड शिकवा. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत ते आधीपासून असतं.

तिसरी पायरी: पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा

लोकांना हात बसला की लिनक्स. लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी जुन्या मशीनला लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी. तिला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, ४ जीबी रॅम असेल तर काम सुखाचं होतं. मशीन ६४ बिटचं हवं. डाउनलोड सुमारे ३ जीबीचं असतं, आणि गावात बहुतेकांचा डेटा पॅक दिवसाला दीड-दोन जीबीचा. म्हणून टोरेंटनं (तुकड्या-तुकड्यांनी फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रामनं) उतरवा, म्हणजे अर्धं राहिलेलं दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होतं. किंवा तालुक्याला कुणाकडे वायफाय असेल तिथं बसा.

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे हे लक्षात ठेवा. रुफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रामनं ती फाइल त्यावर चढवा. मशीन सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा: डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ१२, एचपीत एफ९ किंवा एस्केप. पेनड्राइव्ह निवडला की हार्ड डिस्कला हात न लावता मिंट सुरू होतं. वायफाय, आवाज, प्रोजेक्टर सगळं इथंच तपासा. प्रिंटरची चाचणी तर नक्कीच घ्या. कॅननचा एलबीपी २९०० बऱ्याच कार्यालयांत असतो आणि लिनक्सवर तो फार त्रास देतो. एचपीचे बहुतेक प्रिंटर नीट चालतात, पण लेझरजेट १०२० सारख्यांना एक जादा प्लगइन उतरवावं लागतं, तेव्हा इंटरनेट हवं.

चौथी पायरी: बसवणं

आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. मगच इन्स्टॉलवर क्लिक करा. घरच्या मशीनवर विंडोजच्या शेजारी बसवता येतं. शाळेतल्या मुलांच्या मशीनवर सरळ पुसून बसवा, दोन सिस्टीम ठेवल्या की कोणती उघडायची यातच तास जातो. थोडा पैसा असेल तर रॅमच्या आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घ्या, जुन्या मशीनला सगळ्यात जास्त फरक तिनंच पडतो. आणि हे काम दिवाळीच्या सुटीत काढा. मे महिन्यात टिनाच्या खोलीत ना माणूस टिकत ना मशीन.

शाळेत शिक्षकाचं खातं वेगळं ठेवा आणि लॉगिन विंडोच्या सेटिंगमधून गेस्ट सेशन (पासवर्डशिवायचं तात्पुरतं खातं) सुरू करा. मुलांनी त्यात काहीही केलं तरी बाहेर पडताच सगळं पुसलं जातं. मुलांनी केलेलं काम ठेवायचं असेल तर मात्र ते आधी पेनड्राइव्हवर घ्यावं लागेल.

पाचवी पायरी: मुलांसाठी काय टाकावं

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून जीकॉम्प्री (शैक्षणिक खेळ) आणि टक्सपेंट (चित्रं काढायला) घ्या, लहानांना माउस धरायला शिकवण्याचं काम तीच करतात. नववी-दहावीला आवर्तसारणीसाठी कॅल्झियम. स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या प्रोग्राममध्ये ठिकाण लोणार किंवा आपलं गाव द्या, आज रात्री गुरू कुठं दिसेल ते दाखवा आणि रात्री मुलांना अंगणात तपासायला सांगा.

इंटरनेट नसलेल्या शाळेला मी कोलिब्री आणि किविक्स हे इंटरनेटशिवाय चालणारे प्रोग्राम आधी सुचवेन. किविक्सवर मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये मिळतो. कोलिब्री एका लॅपटॉपवर बसवून एकदा धडे भरून ठेवले की साध्या वायफाय राउटरवरून बाकीची मशीनं आणि मोबाइल ते बघू शकतात. शिक्षकांना स्वतः शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसवरचे धडे मराठी आवाजात आहेत. तालुक्यावरून उतरवून आणा.

ऑफिसचं मशीन शेवटी

मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या मशीनला सध्या हात लावू नका. शासकीय पोर्टल फायरफॉक्समध्ये उघडतात, पण डिजिटल सहीचा टोकन (यूएसबीला लावायची सहीची चावी) लिनक्सवर अडू शकतो, आणि टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामची लिनक्स आवृत्तीच नाही. तिथं विंडोजवर लिबरऑफिस एवढंच पुरे.

शेवटी बदलीचा विचार करा. जिल्हा परिषदेच्या शाळेत हे काम बहुधा एकाच उत्साही शिक्षकाच्या भरवशावर चालतं, आणि त्याची बदली झाली की कक्षाला कुलूप लागतं. म्हणून कोणत्या मशीनवर काय बसवलं ते एका वहीत लिहा, पासवर्ड पाकिटात घालून मुख्याध्यापकांकडे द्या, मिंटचा पेनड्राइव्ह कपाटात ठेवा, आणि आठवीतली दोन पोरं-पोरी दरवर्षी पुन्हा बसवायला शिकवा.