मधल्या ठिपक्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी

जवळच्या दीर्घिकांमधील मंद सक्रिय (थोडेच द्रव्य गिळणाऱ्या, म्हणून अंधूक) कृष्णविवरांचा रेडिओ अभ्यास सुरू करणाऱ्याला नमुन्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. जवळच्या तेजस्वी दीर्घिकांचे वर्णपट घेणाऱ्या पालोमार सर्वेक्षणातील ४८६ दीर्घिका पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जात आहेत आणि त्यांतील २८० दीर्घिका ई-मर्लिन या ब्रिटनमधील रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने अधिक बारकाईने पाहिल्या आहेत. खरी अडचण प्रतिमा तयार झाल्यावर सुरू होते, कारण मध्यभागी दिसणारा ठिपका कृष्णविवराचाच असेल असे नाही. अतिनवताऱ्यांचे (स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्यांचे) अवशेषही तशाच सिंक्रोट्रॉन लहरी, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांच्या रेडिओ लहरी, सोडतात.

माझी पहिली चूक याच्या नेमकी उलट होती. अमेरिकेतील व्हेरी लार्ज ॲरे या रेडिओ दुर्बिणीच्या एकाच रचनेतील (अँटेनांच्या एकाच मांडणीतील) १.४ आणि ५ गिगाहर्ट्झची निरीक्षणे माझ्याकडे होती. त्यांवरून वर्णपटाचा उतार (वारंवारतेनुसार तेज किती बदलते ते) −०.८, म्हणजे अतिनवताऱ्यांच्या अवशेषांसारखा, निघाला आणि ‘केंद्रात केवळ ताऱ्यांची निर्मिती’ असे मी टिपणात लिहून मोकळा झालो. रचना तीच असली, तर १.४ गिगाहर्ट्झची बीम (प्रतिमेत एखादा बिंदू जेवढा पसरून दिसतो तो ठसा) सुमारे साडेतीन पट रुंद असते, म्हणजे कमी वारंवारतेवर मी भोवतालचा पसाराही केंद्राच्या खात्यात जमा करत होतो, हे मार्गदर्शकांनी दाखवल्यावर ध्यानात आले. लहान आधाररेषा (अँटेनांच्या जोड्यांमधील अंतरे) वगळून, दोन्हीकडे समान यूव्ही-पल्ला (तरंगलांबीत मोजलेल्या आधाररेषांचा पल्ला) आणि समान बीम ठेवून प्रतिमा पुन्हा केल्या, तेव्हा उतार जवळजवळ सपाट आला. जेटच्या, म्हणजे कृष्णविवराजवळून निघणाऱ्या वेगवान झोताच्या, दाट पायथ्याशी उत्सर्जन तिथेच शोषले जाते, त्यामुळे वर्णपट असा सपाट होतो.

मात्र तप्त आयनित वायूचा वर्णपटही सपाटच असतो, म्हणून ब्राइटनेस टेंपरेचर (केवळ उष्णतेमुळे तितके तेज यायला लागेल ते तापमान) काढावे. ताऱ्यांच्या निर्मितीच्या प्रदेशात ते साधारण १ लाख केल्विनपलीकडे जात नाही. एखादा ताजा अतिनवतारा ही मर्यादा ओलांडतो खरा, पण तो काही वर्षांत मावळू लागतो, तेव्हा जुनी निरीक्षणे जरूर चाळावीत.

सेल्फ-कॅलिब्रेशनचा (स्रोताच्याच प्रारूपावरून निरीक्षणांतील त्रुटी सुधारण्याचा) मोह मंद स्रोतांवर आवरावा. बिंदूचे प्रारूप देऊन अगदी छोट्या कालखंडांत फेज (लहरींची कला) सुधारत गेल्यास निव्वळ नॉइजमधूनही देखणा बिंदू उभा राहतो. असा एक बिंदू मी आठवडाभर जपला होता.

सरावाला एम८१ ही दीर्घिका आणि शेजारची एम८२ एकत्र घ्यावी. दोन्ही सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर आहेत; पहिलीच्या केंद्रात खरे मंद सक्रिय कृष्णविवर आहे, तर दुसरीत ठिपक्यांची रास असून त्यांतील बहुतेक अतिनवताऱ्यांचे अवशेष आहेत.