गच्चीवरच्या वेलाला फळ धरवायचं कसं?

वेल फुलांनी भरलाय, पण बोटभर दुधी पिवळा पडून गळतो, ही नागपुरात उन्हाळ्यातली नेहमीची तक्रार. लोक खत वाढवतात. बहुतेकदा कारण वेगळंच असतं: मादी फुलापर्यंत पराग पोचलेलेच नसतात.

मादी फूल ओळखणं सोपं आहे. पाकळ्यांखाली लव असलेलं इवलंसं फळ दिसतं. नर फूल नुसत्या लांब देठावर असतं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांचं परागीभवन मुख्यतः रात्रीचे पतंग करतात. ते गच्चीवर फिरकले नाहीत तर हे काम आपलं. त्याच संध्याकाळी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला परागाचा गड्डा बोटाला लावून बघा. पिवळी पूड लागली तरच तो कामाचा. मग मादी फुलाच्या मधल्या तिन्ही जाड भागांवर तो हलकेच फिरवा. एकच भाग माखला तर फळ वाकडं होतं. एका नर फुलाचे पराग दोन-तीन मादी फुलांना पुरतात.

दोडकाही संध्याकाळचाच. भोपळा, काकडी, कारलं मात्र सकाळचे; मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा 8 च्या आत उरका, उन्हात पराग मरतात.

टोमॅटो-वांग्याच्या फुलांच्या घोसाला सकाळी टिचकी पुरते. मका वाऱ्यावर फळतो, म्हणून एका ओळीत नको, चौकोनात लावा. संत्र्याला हात लावायची गरज नाही. फक्त आंबिया बहर (जानेवारी-फेब्रुवारीत येणारा संत्र्याचा मोहोर) फुललेला असताना कीटकनाशक फवारू नका, मधमाश्या मरतात.