छप्पर आहे तोवर फोटो काढा

कोकणातल्या जुन्या वास्तूचा फोटो काढायला गेलात की पहिल्यांदा मान वर करा. आमच्याकडे घर वरून पडायला लागतं. माकडं कौलं सरकवतात, फोडतात, तिथून पाणी रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्टीवर येतं, रीप कुजली की वासा जातो आणि वाशामागून आढं, म्हणजे माथ्यावरचं मुख्य लाकूड. जांभ्याची भिंत बाहेरचा पाऊस वर्षानुवर्षं सोसते, पण माथा उघडा पडून पाणी सांध्यातल्या मातीत मुरलं की थोड्याच पावसाळ्यांत चिरे सुटे होतात. म्हणून छप्पर शाबूत असलेली बंद घरं माझ्या यादीत सगळ्यांत वर असतात. पूर्ण कोसळलेलं घर पुढच्या वर्षीही तसंच मिळेल.

मी रत्नागिरीत लग्नाचे फोटो काढतो. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा कॅमेरा घेऊन बंदरं आणि जुन्या वाड्या फिरतो. घाटावरचे मित्र येतात ते जुनी रेल्वे स्टेशनं कुठे आहेत विचारत. कोकण रेल्वे सलग सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, तिची स्टेशनं अजून तरुण आहेत. जुना रूळच हवा असेल तर १९०७ ची नेरळ-माथेरान गाडी आहे, किंवा गोव्यात मुरगावहून कॅसलरॉककडे चढणारा, १८८० च्या दशकातला मार्ग. (रुळांवर विनापरवाना चालणं गुन्हा आहे. फोटोसाठीसुद्धा.) किनाऱ्यावर रेल्वेचं काम बोटीने केलं. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही आमची जुनी स्टेशनं. बऱ्याच बंदरांत आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्याला यायचे. धक्का, कस्टमची कचेरी, गुदाम, धर्मशाळा, पेठ हे सगळं त्या बोटीच्या भरवशावर उभं राहिलं.

वेंगुर्ल्यात रेल्वेचा आणि बंदराचा संबंध सरळ दिसतो. तिथे सतराव्या शतकातली डचांची वखार आहे, आता पडझड झालेली. पुढे याच बंदरातला माल आंबोली घाटाने बेळगावकडे जायचा. मुरगावची रेल्वे झाल्यावर तो व्यापार तिकडे वळला. हे माहीत असलं की बंदरापासून घाटाकडे निघणारा रस्ता तुम्ही फ्रेममध्ये घेताच, नाहीतर नुसती भिंत टिपून परत येता.

बंदरावर मी मालाच्या मागून चालतो. पडाव लागायचा ती पायरी, तिथून कचेरी, कचेरीतून गुदाम, गुदामातून पेठेकडे जाणारी गाडीवाट. प्रत्येकाचा एक फोटो, आणि दोन जागा एकत्र दिसतील असा किमान एक. सुटं गुदाम कुठलंही वाटू शकतं. मागे पाण्याची रेघ दिसली की ते बंदराचं होतं.

त्यासाठी पाणी कधी किती असेल हे कळायला हवं. जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता भरती पूर्ण. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ पाच-साडेपाचच्या सुमारास. अष्टमीला नेमकं उलट, सहाला भरती आणि दुपारी ओहोटी. धक्क्याचा पाया, बुडालेल्या पायऱ्या, कालवं चिकटलेले चिरे तिरप्या उन्हात हवे असतील तर पौर्णिमा किंवा अमावास्या धरा. पायरीला पाणी लागलेलं हवं तर अष्टमीच्या आसपास जा. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, तेव्हा मालवण-वेंगुर्ल्याला तेवढी सूट द्या आणि निघण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघून घ्या.

उन्हाचं गणितही किनाऱ्याचं वेगळं आहे. समुद्राकडे तोंड असलेल्या इमारतीवर सकाळी डोंगराची सावली असते, ती दुपारनंतरच खुलते. जांभ्याला भोकं भोकं असतात. समोरून ऊन आलं की ती सपाट दिसतात, कडेने आलं की प्रत्येक भोक उठून येतं, चिरा ज्या हत्याराने तासला त्याचे तिरके ओरखडेसुद्धा. उत्तरेच्या भिंतीवर दिवाळी ते होळी ऊन जवळजवळ येतच नाही. ती ढगाळ दिवसासाठी राखून ठेवा. श्रावणात भिंती शेवाळाने हिरव्या होतात, सुंदर दिसतात, पण बांधकाम झाकतात. मार्चमध्ये वेली वाळतात आणि सांधे, कमानी, खिडक्यांची मापं उघडी पडतात. जमलं तर दोन्ही वेळा जा. झाडीतल्या घरावर सगळीकडून हिरवा उजेड पडतो आणि लाल चिरा मातकट होतो. एक करडा कागद जवळ ठेवा, पहिला फोटो त्याचा घ्या आणि रंग त्यावरून लावा.

कॅमेरा आडवा-उभा सरळ धरा. उंच भिंत मावत नाही म्हणून वर वाकवला की भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात, आणि खरोखर झुकलेली भिंत कोणती ते पुढे कुणालाच कळणार नाही. मागे सरका. मोबाईल असेल तर अर्धा-एक्सची रुंद लेन्स टाळा. घराच्या आत काळोख आणि दारात लख्ख ऊन असतं. ट्रायपॉडवर एफ/८, आयएसओ १००, आणि तीन एक्स्पोजर, एक मधलं, एक दोन स्टॉप गडद आणि एक दोन स्टॉप उजळ. फ्लॅश मारू नका. माजघरातला काळोख हा त्या घराचा भाग आहे, ओटीवरून आत जाताना उजेड कसा कमी होतो तेच तर दाखवायचं.

जवळून काढायचे फोटो मात्र मनापासून काढा. अडसर सरकायचा ते भिंतीतलं भोक, उंबरठ्याची मधेच झिजलेली कड, चुलीवरची काजळी कुठपर्यंत चढली ती रेघ. आणि खाली पडलेलं एखादं मंगलोरी कौल उलटं करून बघा. आत कारखान्याचं नाव ठसठशीत उठवलेलं असतं. बासेल मिशन (कौलांचे कारखाने चालवणारं ख्रिस्ती मिशन) आणि १८६५ वाचलं की लोक आनंदाने घराचं वय सांगून मोकळे होतात. १८६५ हे मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे, कौल भाजल्याचं नव्हे. कॉमनवेल्थ ट्रस्ट असं नाव असेल तर कौल पहिल्या महायुद्धानंतरचं, कारण युद्धात मिशनचे कारखाने जप्त होऊन त्या कंपनीकडे गेले. अर्थात कौलं मागाहूनही बदलतात. कौलावर तिरपा टॉर्च मारून अक्षरं टिपा, शेजारी पट्टी ठेवा, आणि कौल होतं तिथेच ठेवून या.

आता परवानगीचं. कोकणातलं घर बंद असतं, बेवारस नसतं. सातबाऱ्यावर आठ-दहा नावं असतात, निम्मी मुंबईत. शेजारच्या घरी जाऊन आधी बसा. ‘काकू, पलीकडल्या घराचे फोटो काढले तर चालतील का? किल्ली कुणाकडे असते?’ एवढं विचारलंत की बहुतेक वेळा फोन लावून दिला जातो. सगळ्यांत चांगला काळ गणपतीचा. वर्षभर कुलूप असलेली घरं तेव्हा उघडतात, चाकरमानी आलेले असतात, आणि म्हातारं माणूस ‘ही बाळंतिणीची खोली, ही वळई’ असं बोट दाखवत फिरवतं. ते बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, विचारून. देवघराचा फोटो घरच्यांनी काढा म्हटल्याशिवाय काढू नका. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड आणि ड्रोनला, आणि बंदर, दीपगृह, तटरक्षक दलाच्या परिसरात कुठल्याही कॅमेऱ्याला, आधी लेखी परवानगी घ्या.

सोबत एक माणूस हवाच. ढासळलेल्या चिऱ्यांत फुरसं हा विषारी साप असतो, तेव्हा गमबूट घाला आणि दगडांच्या फटीत हात घालू नका. माळ्यावर चढू नका, फळ्या वरून धड दिसतात आणि खालून वाळवीने पोखरलेल्या असतात. परसात चालताना काठीने चाचपत जा, कठडा नसलेली विहीर गवताखाली दिसत नाही. दमट हवेत लेन्सला बुरशी लागते, म्हणून घरी आल्यावर कॅमेरा सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा.

फायलीला गाव, वाडी, वास्तू आणि तारीख असं नाव त्याच रात्री द्या. पडीक घराचं नेमकं ठिकाण मात्र जाहीर करू नका, खांब आणि दरवाजे विकायला उचलणारे लोक आहेत. नंतर चांगले निवडून त्यांचे प्रिंट काढा आणि ज्यांनी किल्ली दिली त्यांना नेऊन द्या, मागे खोल्यांची नावं लिहून.