मालवाहू व्हॅन घेण्याआधी टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी

शोरूमची डेमो गाडी बहुधा रिकामी असते आणि रस्ता सेल्समनने ठरवलेला, सरळ व सपाट. त्या दहा मिनिटांत इको कार्गो, छोटा हत्ती, सुपर कॅरी, दोस्त यांतली कुठलीही गाडी जोरात पळते. रिकामी मालवाहू गाडी दोन्हीकडून फसवते. पिकअप असतो त्याहून चांगला वाटतो, आणि पाटे (मागच्या चाकांवरचे लोखंडी स्प्रिंग) वजनासाठी बनवलेले असल्यामुळे खड्ड्यात मागचा भाग जेवढा उडतो तेवढा माल भरल्यावर उडत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्ह आपला माल भरून, आपल्याच रस्त्यावर घ्यायची.

आधी वजन काढा

नेहमीच्या एका फेरीचा माल काट्यावर मोजा, अंदाज नको. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं, २० लिटरचा पाण्याचा जार भरून साधारण २१ किलो भरतो. असे तीस जार म्हणजे ६३० किलो. आता गाडीचं एकूण मान्य वजन आणि रिकामं वजन विचारा. दोन्ही आकडे आरसीवर असतात. त्यांतला फरक म्हणजे पासिंग. पण सगळा फरक मालाचा नसतो, कारण ड्रायव्हर आणि हेल्परही त्यातच मोजले जातात. समजा एकूण वजन १,५५० आणि रिकामं ८५० आहे. फरक ७०० किलोचा दिसतो. दोन माणसांचे १४० गेले की मालाला ५६० उरतात. वर बंद कंटेनर बांधून घेणार असाल तर त्याचं वजनही यातूनच जातं. सीएनजी गाडीत सिलिंडरचं वजन असतंच, म्हणून त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा पासिंग कमी भरतं.

जास्त भरून चालवून घेऊ, असा हिशेब करू नका. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० असा आहे. आणखी एक आकडा लक्षात ठेवा: एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. मोठी पिकअप बघत असाल तर ही रेषा ओलांडतो आहोत का ते आधी तपासा.

गाडी कशी मागवावी

डीलरला दोन दिवस आधी सांगा: गाडी दुकानाच्या दारात हवी, दीड तासासाठी, आणि आम्ही वजन भरणार. माल भरायला नकार आला तर दुसरा डीलर बघा. डेमो गाडीचा विमा चालू आहे ना ते बघा आणि लायसन्स जवळ ठेवा. साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला लायसन्सवर वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे. जो माणूस रोज गाडी चालवणार त्यालाच स्टेअरिंगवर बसवा. मालकाला सीट आवडून उपयोग नाही.

उभ्या गाडीत

मेजरिंग टेप काढा. लांबी-रुंदी माहितीपत्रकात सापडते, पण मागच्या चाकांच्या कमानींमधली रुंदी बऱ्याचदा सापडत नाही, आणि क्रेट अडतात ते तिथेच. जमिनीपासून हौद्याची उंची मोजा. ती कमरेच्या वर गेली तर ५० किलोचं पोतं एकट्याला चढवता येत नाही, म्हणजे रोजचा एक जादा हमाल आला. सीएनजीचा सिलिंडर कुठे बसवला आहे आणि तो मालाची किती जागा खातो तेही बघा. दार वर उघडणारं असेल तर कमी उंचीच्या छपराखाली अडेल, बाजूला उघडणारं असेल तर भिंतीला टेकून गाडी लावता येणार नाही.

रिकामी चक्कर, फक्त पाच मिनिटं

मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, ताशी ४० च्या वेगाने जोरात ब्रेक मारा. गाडी सरळ थांबली पाहिजे, एका बाजूला ओढता कामा नये. रिकाम्या गाडीत मागच्या चाकांवर वजन कमी असतं, त्यामुळे ओल्या रस्त्यावर ती लवकर लॉक होऊन घसरतात. ही सवय ड्रायव्हरला आधीच कळलेली बरी.

भरलेली चक्कर

नेहमीचा माल भरा. जड पोती केबिनच्या बाजूला, हलकं सामान मागे, आणि दोरीने घट्ट बांधा. सगळं वजन फाळक्याजवळ (हौद्याच्या मागच्या दाराशी) टाकलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग सैल लागतं. मग दोष गाडीला दिला जातो. भरल्यावर पुढे-मागे जाऊन गाडी किती बसली ते बघा. चाक मडगार्डला घासायच्या बेतात आलं असेल तर काट्याकडे परत जा.

खरी परीक्षा चढावर होते. पुण्यात कात्रजचा जुना घाट आहे, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा चढ; काहीच जवळ नसेल तर उड्डाणपुलाचा किंवा बेसमेंट पार्किंगचा उतार घ्या. रहदारी नसताना चढाच्या मध्यावर थांबा, हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवरून उचला आणि दहा सेकंद थांबा. गाडी तसूभरही मागे सरकता कामा नये. मग पहिल्या गिअरमध्ये निघा. एक्सिलरेटर खूप दाबावा लागत असेल, गाडी थरथरत असेल किंवा जळका वास आला तर त्या वजनाला ही गाडी पुरत नाही. रोज असंच हाफ क्लचवर काढलं की क्लचप्लेट लवकर जाते, आणि तो खर्च हप्त्याच्या हिशेबात कोणी धरलेला नसतो. सीएनजी गाडी असेल तर हा चढ सीएनजीवरच चढवा, कारण सेल्समन गाडी हळूच पेट्रोलवर ठेवतो.

उतरताना दुसरा गिअर टाका आणि एक्सिलरेटर सोडून द्या. इंजिनने वेग धरून ठेवला पाहिजे. खाली येईपर्यंत ब्रेकचं पेडल नरम पडत गेलं तर ब्रेक तापले असं समजा.

इलेक्ट्रिक गाडीत निघताना आणि परतताना बॅटरीचे टक्के व किलोमीटर लिहून ठेवा. रोजच्या फेरीला किती टक्के जातील हे त्यावरून काढा. कंपनीची रेंज भरलेल्या गाडीला, चढाच्या रस्त्यावर मिळेल असं धरू नका.

बोळ आणि दार

तुमचं गिऱ्हाईक ज्या अरुंद बोळात आहे तिथेच गाडी न्या. एका दमात यू-टर्न होतो का, की तीनदा मागे-पुढे करावं लागतं? बंद व्हॅनमध्ये माल भरल्यावर आतला आरसा निकामी होतो, म्हणून रिव्हर्स फक्त बाहेरच्या आरशांवर घेऊन बघा. त्यानंतर दहा वेळा उतरा, दार उघडा, एक क्रेट काढा, दार लावा, परत बसा. दिवसाला चाळीस डिलिव्हरी असतील तर ॲव्हरेजपेक्षा हे चढणं-उतरणं जास्त दमवतं. इकोसारख्या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणून किमान अर्धा तास चालवा आणि सीटखालची उष्णता ड्रायव्हरला सोसते का ते विचारा. हे दुपारी करा, सकाळी नाही.

जुनी घेत असाल तर

गाडी थंड असतानाच पोहोचा आणि इंजिनच्या झाकणाला हात लावा. ते गरम लागलं तर तुमच्या येण्याआधी गाडी चालू करून ठेवली होती, आणि थंड स्टार्टचा धूर तुम्हाला दिसणार नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. खाली वाकून पाटे तडकलेत का, चासीवर नवं वेल्डिंग आहे का ते बघा. तिथे वेल्डिंग असणं ही बहुतेक वेळा ओव्हरलोडची खूण. हौद्यातली चटई उचलायला लावा. मासळी किंवा भाजी वाहिलेल्या गाडीचा पत्रा खालून सडलेला असतो, वरून रंग चकचकीत. टायरवरचे शेवटचे चार अंक वाचा: २३२२ म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला फिटनेस सर्टिफिकेट दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी लागतं. ते संपलेलं असेल तर नूतनीकरणाचा खर्च किमतीतून वजा करून मागा. चलनं थकलेली आहेत का आणि बँकेचा बोजा उतरला आहे का, हे टोकन देण्याआधी परिवहनच्या ॲपवर बघून घ्या.