बीआयएम मॉडेल असूनही साइट धोकादायक? या चुका टाळा

पुण्यात आता बऱ्याच मोठ्या साइटवर बीआयएम मॉडेल, म्हणजे इमारतीच्या प्रत्येक भागाची माहिती असलेलं संगणकावरचं त्रिमितीय मॉडेल, असतं. पुणे मेट्रोच्या कामातही ते वापरलं गेलं. पण मॉडेल बहुतेकदा तयार इमारतीचं असतं, आणि मजुराचा जीव जातो तो अर्धवट इमारतीत.

म्हणून सर्वांत मोठी चूक म्हणजे तात्पुरत्या गोष्टी मॉडेलमधून वगळणं. परांची, शटरिंगचे प्रॉप (खालचे टेकू), खोदाईच्या कडा, क्रेनचा फेरा हे सगळं त्यात हवं. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात फाउंडेशनची लोखंडी जाळी कोसळून ५ मजूर दगावले. स्क्रीनवर सळ्या अधांतरी राहू शकतात, साइटवर त्यांना चेअर (वरची जाळी उचलून धरणारे सळईचे स्टँड) आणि टेकू लागतात. मॉडेलमध्ये जाळीच्या आधाराची जागा रिकामी दिसली, तर त्याचं डिझाइन कुणी केलंय हे तिथेच विचारा.

दुसरी चूक मॉडेलमधल्या घटकांना कामाच्या तारखा न जोडण्याची. लिफ्टच्या डक्टचंच बघा. स्लॅब आज पडतो, लिफ्टचा दरवाजा बसायला कित्येक महिने जातात. मधल्या काळात प्रत्येक मजल्यावर एक उघडं भोक असतं, पण मॉडेलमध्ये पहिल्या दिवसापासून दरवाजा बसलेलाच दिसतो. प्रत्येक डक्ट, जिना आणि स्लॅबच्या कडेसाठी कठड्याचा वेगळा घटक काढा. शटरिंग उघडण्याआधी तो लागला पाहिजे आणि भिंत किंवा दरवाजा पूर्ण झाल्यावरच निघाला पाहिजे. मग कुठलीही तारीख टाकली की त्या दिवशी कठड्याविना राहिलेल्या जागा समोर येतात. फक्त तेवढी यादी सेफ्टी ऑफिसरला सकाळी मिळाली, तरी या कष्टाचं चीज होईल.

मॉडेल प्लॉटच्या हद्दीवर थांबवू नका. जून २०१९ मध्ये कोंढव्यात पावसात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. शेजारची भिंत, तिच्या पायथ्याची पातळी, आपली खोदाई आणि लेबर कॅम्प एकाच मॉडेलमध्ये घ्या, तेही पावसाळ्याआधी. माणसं झोपतात ती जागा साइटचाच भाग आहे.

क्लॅश, म्हणजे मॉडेलमध्ये एकमेकांना आडवे येणारे घटक, तपासताना शेकडो पाइप-डक्टच्या टकरींत सेफ्टीचे मुद्दे बुडतात. क्रेनचा फेरा आणि विजेच्या तारा, माल चढवण्याची जागा आणि माणसांची वाट, यांची तपासणी वेगळी चालवा.

मॉडेल इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्येच राहिलं, तर मजुराला त्याचा उपयोग नाही. त्या दिवशीच्या मजल्याचं चित्र मोठं छापा, धोक्याच्या जागा लाल करा. बिहार-बंगालमधून आलेल्या कामगारालाही ते न वाचता कळेल. टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या छोट्या सेफ्टी बैठकीत, मुकादमाला विचारा, यात काय चुकलंय? कठडा कुठे काढून ठेवलाय, माल वर नेताना माणसं प्रत्यक्षात कुठून जातात, हे त्याला ठाऊक असतं. त्याने दाखवलेला बदल त्याच दिवशी मॉडेलमध्ये करा, आणि नवं चित्र लागेपर्यंत जुनं भिंतीवरून काढून टाका.