आठ तासांचा रस्ता, पस्तीस सेकंदांची धाव

परगावच्या पहिल्या एजिलिटी स्पर्धेत, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, ठमीने दुसऱ्याच अडथळ्यापाशी बसकण मारली आणि मान खाजवायला घेतली. घरच्या मैदानावर वीव्ह पोल्सच्या 12 दांड्यांमधून सुईत दोरा ओवावा तशी जाणारी माझी कुत्री तिथे मला ओळखही दाखवेना. मग उठली, रिंगच्या कडेकडेने जमीन हुंगत फिरली आणि जजने एलिमिनेशनची, म्हणजे बाद झाल्याची, खूण केली. आठ तास गाडी चालवून आले होते मी. परतीचे आठ तास अजून बाकी होते.

सराव कमी पडला, असा मी निष्कर्ष काढला. घरी येऊन महिनाभर वीव्ह पोल्स घोटून घेतले. पुढच्या स्पर्धेत पुन्हा तेच. त्यानंतरच्या वेळी शेजारी तंबू टाकलेल्या एका अनुभवी हँडलर (कुत्र्याला रिंगमध्ये धाववणाऱ्या) बाईंनी ठमीकडे बघून विचारलं, ‘‘काल रात्री झोपली का ही?’’ मला सांगता येईना. कारण मी स्वतः गाढ झोपले होते.

त्या रात्रीपासून मी लक्ष ठेवायला लागले. नव्या खोलीत ठमी दाराशी कान लावून बसते, बाहेर पाऊल वाजलं की उठते, पुन्हा बसते. प्रौढ कुत्रा एरवी दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ झोपेत किंवा डुलक्यांत घालवतो. दिवसभर गाडीत तोल सांभाळून आलेला आणि रात्र जागून काढलेला कुत्रा सकाळी रिंगमध्ये उभा केला, तर तो मान खाजवेल, जांभया देईल, जमीन हुंगेल. आपल्याला ते दुर्लक्ष किंवा हट्ट वाटतो. त्याला नुसतं झेपत नसतं. म्हणून नव्याने लांबच्या स्पर्धांना निघणाऱ्यांनी मला काही विचारलं, तर मी आधी क्रेटबद्दल, म्हणजे कुत्र्याच्या दार असलेल्या पिंजऱ्याबद्दल, बोलते. अडथळ्यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील.

क्रेट म्हणजे शिक्षेची कोठडी, अशी माझी आधी समजूत होती. ठमीची नव्हती, ती मीच करून दिली. एकदम प्रवासाच्या दिवशीच क्रेट आणला आणि तिला आत ढकललं. ती चूक निस्तरायला दोन महिने गेले. घरात, दार उघडं ठेवून, रोजचं जेवण क्रेटमध्ये. मग दार क्षणभर लोटायचं, मग पाच मिनिटं. आत चघळायला काहीतरी द्यायचं आणि आपण शेजारी आपलं काम करत बसायचं. मग तोच क्रेट उभ्या गाडीत. मग इंजिन सुरू, पण गाडी जागेवरच. मग गल्लीच्या टोकापर्यंत. कंटाळवाणं आहे, मान्य. पण आता क्रेटवर चादर पडली की ठमी सुस्कारा टाकून आडवी होते, मग गाडी असो, खोली असो की रिंगपासून हाकेच्या अंतरावरचा तंबू असो. तिच्या दृष्टीने तेच घर बरोबर फिरतं.

आकाराचं म्हणाल तर कुत्र्याला आत उभं राहता, वळता आणि अंग ताणून पडता आलं पाहिजे. गाडीत त्याहून फार मोठा क्रेट नको, वळणावर कुत्रा या भिंतीवरून त्या भिंतीवर घसरतो. तळाला न घसरणारी चटई हवीच. गुळगुळीत तळावर कुत्रा पंजे रोवून, स्नायू आवळून बसतो, म्हणजे आठ तास व्यायामच की. आणि क्रेट पट्ट्यांनी गाडीला घट्ट बांधा. आत घालायचं अंथरूण न धुतलेलं, घरचा वास असलेलं. नवीन गादी कौतुकाने घेऊन जाणारे असतात. कौतुक त्यांचं, कुत्र्याला त्यात ओळखीचं काहीच नसतं.

वाटेत मी दर दोन-अडीच तासांनी थांबते. इथे एकच नियम, पण तो डोक्यात खिळ्याने ठोकून ठेवा: आधी पट्टा अडकवायचा, मगच क्रेटचं दार पूर्ण उघडायचं. अनोळखी रस्त्याकडेला सुटलेला कुत्रा हाकेला येईलच अशा भरवशावर राहू नका, घरी कितीही आज्ञाधारक असला तरी. गळपट्ट्यावर आपला मोबाइल नंबर असलेला बिल्ला असू द्या.

खाणं निघण्याआधी तीन-चार तास आणि तेही थोडं. उरलेलं पोहोचल्यावर. घरचंच अन्न मोजून बांधून न्या. अन्न अचानक बदललं की पोट बिघडतं, आणि स्पर्धेच्या सकाळी जुलाब लागलेल्या कुत्र्याबरोबर धावण्याचा प्रसंग मी वैऱ्यावरही येऊ देणार नाही. पाण्याचीही तीच गोष्ट. काही कुत्री वेगळ्या चवीच्या पाण्याला तोंड लावत नाहीत, म्हणून निदान पहिल्या दिवसाचं पाणी घरून.

गाडीत लाळ गळणं, सारखे ओठ चाटणं, जांभया ही मळमळीची लक्षणं. त्यावर कुत्र्यांसाठी मॅरोपिटंट नावाचं औषध असतं, ते व्हेटला (पशुवैद्याला) विचारून घ्यावं आणि पहिल्यांदा घरच्या एखाद्या छोट्या फेरीला देऊन पाहावं. आपल्या पर्समधली माणसांची गोळी मात्र नको.

आता उन्हाबद्दल. कुत्र्याचं सामान्य तापमान साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, धापा टाकणं हाच त्याचा मुख्य पंखा. बाहेर 22 अंशांची सुखद हवा असली तरी उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत तासाभरात 40 च्या पुढे पारा जातो, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच चार बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. स्पर्धेच्या ठिकाणी दोन फेऱ्यांमध्ये कुत्रा गाडीत ठेवायची अनेकांची पद्धत असते. सकाळी सावलीत लावलेली गाडी दुपारी उन्हात येते, हे सूर्याला माहीत असतं, कोर्स (अडथळ्यांचा क्रम) पाठ करण्यात गुंगलेल्या हँडलरला नसतं. मी सावलीचा तंबू, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असा जाळीचा क्रेट आणि बॅटरीवरचा पंखा नेते. धापा थांबतच नाहीत, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसायला लागल्या, चाल झोकांडी खाते आहे, असं दिसलं तर स्पर्धा संपली. कुत्र्याला सावलीत नेऊन जवळ असेल त्या साध्या पाण्याने लगेच भिजवा, वारा घाला आणि मग व्हेटकडे. आधी थंड करणं, मग नेणं, हा क्रम सोडू नका.

जे मागावर चालण्याच्या खेळात आहेत, त्यांना धापांचा आणखी एक भुर्दंड पडतो. आयजीपी नावाच्या त्या खेळात माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग असतात. धापा टाकणारा कुत्रा हुंगू शकत नाही, निदान नीट नाही. प्रवासाने तापलेला, तहानलेला कुत्रा सकाळी मागावर सोडला, तर त्याचं नाक वाईट म्हणू नका. फ्लायबॉलवाल्यांची गोष्ट वेगळी. चार कुत्र्यांची रिले, शेजारच्या लेनमध्ये दुसरा संघ, आणि भुंकण्याचा असा गदारोळ की माणसाचे कान बसतात. तिथे झोपेची जागा रिंगपासून जितकी लांब मिळेल तितकी बरी.

एक दिवस आधी पोहोचा. जमत नसेल तर निदान आदल्या संध्याकाळी. पोहोचल्यावर मी आता ठमीला लांब पट्ट्यावर हुंगू देते, अर्धा तास, काहीही न शिकवता. जमीन कसली आहे ते हाताने बघा. गवतावर वाढलेला कुत्रा वाळूत किंवा कृत्रिम गवतावर वळताना पाय वेगळा टाकतो, उडीचा अंदाज चुकतो. जायच्या आधीच वेगवेगळ्या जमिनींवर थोडा थोडा सराव झाला असेल तर उत्तम. सी-सॉ हा झुलत्या फळीचा अडथळासुद्धा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेगाने आणि वेगळ्या आवाजात आपटतो. ठमीला त्या आवाजाचा धसका होता, तो घालवायला घरी पातेल्यांची झाकणं कामी आली.

नियमपुस्तक प्रवास ठरवण्याआधी वाचा, गाडीत नव्हे. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नियमांत 18 महिन्यांखालचा कुत्रा एजिलिटीत उतरू शकत नाही. उंची खांद्यापाशी मोजतात: 35 सेंटीमीटरखाली स्मॉल, 43 खाली मीडियम, 48 खाली इंटरमीजिएट आणि पुढे लार्ज. इंटरमीजिएट हा गट नंतर आलेला, त्यामुळे जुन्या कागदांवर विसंबू नका. तुमचा कुत्रा सीमारेषेवर असेल तर शांत उभं राहून माप घेऊ देणं हाही सरावाचा भाग आहे.

सीमा ओलांडून जायचं असेल तर तारखांची वही वेगळी ठेवा. माझ्या एका मैत्रिणीने रेबीजची लस आधी टोचली आणि मायक्रोचिप आठवड्याने बसवली. युरोपीय संघाच्या नियमांत चिप आधी आणि लस नंतर असावी लागते, आणि पहिल्या लशीनंतर 21 दिवस थांबावं लागतं. तिची लस धरलीच गेली नाही, पुन्हा टोचावी लागली, आणि ते 21 दिवस संपायच्या आत स्पर्धा होऊन गेली. फिनलंड, आयर्लंडसारख्या काही देशांत त्याखेरीज पोहोचण्याआधी 24 ते 120 तासांच्या खिडकीत फीतकृमीचं औषध देऊन व्हेटची नोंद घ्यावी लागते. विमानप्रवास मी एकदाच केला. गुंगीचं औषध मागू नका एवढंच सांगते, उंचीवर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. चपट्या नाकाच्या जातींना तर अनेक विमान कंपन्या घेतच नाहीत.

पहिल्या वर्षी लांबच्या दोन स्पर्धा पुरेत, असं माझं मत आहे. आणि जमलं तर एकदा एन्ट्री न भरताच जा. आयोजकांना दांड्या लावायला, टनेल सरळ करायला माणसं हवीच असतात, आणि कुत्र्याला गर्दीत झोपण्याचा सराव होतो. क्लबमधले लोक हसतील. हसू द्या. एजिलिटी हा खेळच मुळी 1978 साली क्रफ्ट्सच्या श्वान प्रदर्शनात, दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांना रमवायला म्हणून सुरू झाला, घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून. 1996 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मॉर्जला पहिली जागतिक एजिलिटी स्पर्धा झाली. तेव्हापासून अर्ध्या मिनिटाच्या धावेसाठी देश ओलांडणाऱ्या वेड्यांची कमी नाही.

परतल्यावर दोन दिवस आम्ही सराव करत नाही. पंजे तपासते, बोटांमध्ये काही रुतलंय का बघते, आणि वहीत लिहिते. गेल्या खेपेची नोंद अशी: ‘रात्री सहा तास सलग झोप. वाटेत तीन थांबे. दुपारी तंबूत दीड तास घोरली. दोष 10.’ त्यातले 5 डॉग वॉकच्या (उंच, अरुंद फळीच्या पुलाच्या) टोकाच्या रंगीत भागावर पाय न ठेवल्याचे, 5 उडीची एक दांडी पाडल्याचे. दोन्हींवर येत्या रविवारपासून काम सुरू.