गिराणात भाजी चिरली होती? आधी कॅलेंडर काढा

माझा मुलगा एप्रिल २०२० मध्ये झाला. वरचा ओठ दुभंगलेला. लॉकडाऊनमुळे सोबतीला एकाच बाईला आत सोडत होते, त्या आत्याबाई (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात). नर्सने दुपट्याची कड बाजूला केली तशा त्या एवढंच म्हणाल्या, "गिराणात इळीवर बसली हुतीस न्हवं?"

बसले होते. २६ डिसेंबर २०१९, गुरुवार. सकाळी आठ ते अकराच्या सुमारास सूर्यग्रहण आणि नवऱ्याचा डबा अडलेला. अर्धा कोबी चिरला, बस्स. पुढे दोन वर्षं कोबी शिजायचा वास आला की माझ्या पोटात गोळा यायचा. विळी माळ्यावर टाकली, सुरी आणली.

तुमच्याही मानगुटीवर असं काही बसलं असेल, तर ते कसं उतरवायचं ते सांगते. भांडून सुरुवात करू नका. मी केली होती, महिनाभर घरात अबोला सोडून काही पदरात पडलं नाही.

कागद घ्या आणि तारखा मांडा. बाळाचा ओठ पहिल्या दोन-सव्वादोन महिन्यांतच जुळून येतो, टाळू तिसरा महिना सरेपर्यंत. माझी शेवटची पाळी २८ जून २०१९ ची. म्हणजे ओठ जुळायचे दिवस ऑगस्टअखेर संपले. त्या वर्षी गणपती बसले २ सप्टेंबरला. ग्रहण लागलं तेव्हा मला सव्वीसावा आठवडा होता. जे गणपतीच्या आधीच जुळायचं राहून गेलं, ते मी डिसेंबरात विळीने कसं कापणार? हा हिशेब मी दूधवाल्याच्या कॅलेंडरच्या मागे केला आणि तिथेच खाली बसून रडले.

तुमचं ग्रहण नेमकं दुसऱ्या महिन्यात आलं असेल तर हा हिशेब कामाचा नाही. मग दुसरा करा. त्या सकाळी ग्रहण सगळ्या महाराष्ट्रावर होतं, आणि डबे काही माझ्या एकटीच्याच घरातून गेले नव्हते. जगभरात साधारण सातशे बाळांमागे एकाला हे होतं, ग्रहण असो नसो.

आता डॉक्टरांना विचारा, पण आडून नको. "कशामुळे झालं असेल?" असं विचारलं की "बरीच कारणं असतात" असं उत्तर येतं आणि भीती तिथेच राहते. सरळ विचारा, "ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं का?" आणि ज्यांनी बोल लावला त्यांना शेजारी बसवून विचारा. आमच्या डॉक्टर "नाही" म्हणाल्या. आनुवंशिकता, तंबाखू, काही औषधं, असं बरंच असू शकतं, पुष्कळदा एक कारण सापडतच नाही. इथे एक सांभाळा. मी लगेच फोलिक ॲसिडच्या चुकलेल्या गोळ्या मोजायला लागले होते. एक भूत उतरवून दुसरं बसवायचं नसतं.

बाळाचं मात्र थांबवू नका. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत करतात, आमची लॉकडाऊनने लांबली. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग येतं, सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

मग बोल लावणाऱ्याची गोष्ट विचारा. हे मी सगळ्यात उशिरा केलं. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात आत्याबाई पोटुशी होत्या, माझा नवरा पोटात. दार लावून अंधारात बसवलेलं, पाण्याचा घोट नाही, अंग खाजवायचीही चोरी. तो नियम खोटा ठरला, तर त्यांची ती तहान फुकट गेली. हे कळल्यावर माझा राग निम्मा उतरला. त्यांचं म्हणणं मात्र मी तरीही मानलं नाही.

शेवटी हाताला सवय लावा, कारण डोक्याला पटलं तरी हाताला पटत नाही. २५ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ग्रहण होतं. मी विळी खाली काढली, चिंच लावून घासली आणि एक कांदा चिरला. एकच. पात्याला लावताना हात थरथरला. दुसऱ्या कांद्याला नाही थरथरला, पण तो दुसऱ्या दिवशीचा. (ग्रहणात जपायचेच असतील तर डोळे जपा, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघू नका.)

गेल्या वर्षी, ७ सप्टेंबर २०२५ ला, खग्रास चंद्रग्रहण होतं. धाकट्या जावेला पाचवा महिना. रात्री अकराला ती तहानेने कूस बदलत होती, उठायचं धाडस होईना. मी उठणार तेवढ्यात आत्याबाईच तांब्या घेऊन आल्या. तिने पाणी पिईपर्यंत उशाशी उभ्या राहिल्या. जाताना मला म्हणाल्या, "पाणी ठीकाय. इळी मातर आज माळ्यावरच ऱ्हाऊ दे."